दोघींच्या मध्ये एक दार

माझ्या मामेबहिणीच्या पुण्यातल्या फ्लॅटमध्ये दोन कुत्र्या आहेत. थोरली जिनी, आठ वर्षांची लॅब्राडॉर. धाकटी चिंगी, दोन वर्षांची गावठी, रस्त्यावरून उचलून आणलेली, नसबंदी झालेली. चिंगी पिल्लू होती तोवर बरं चाललं होतं. ती अंगानं भरली आणि दोघींची जुंपायला लागली. दारावरची बेल वाजली म्हणून, सोफ्यावरच्या जागेवरून, बहीण ऑफिसातून घरी आली म्हणून. शेवटच्या भांडणात जिनीचा कान फाटला, टाके घालावे लागले. बहिणीनं, म्हणजे ताईनं, मला आणि तिच्या वडिलांना, माझ्या मामांना, फोन करून विचारलं, आता काय करू?

यावर मामांचं आणि माझं एकमत नाही. मामा जत तालुक्यात मळ्यावर राहतात, जन्मभर कुत्री पाळत आलेत, कारवान कुत्र्यांची त्यांना चांगली पारख आहे. मी शहरात पाळीव कुत्र्यांना आणि त्यांच्या माणसांना शिकवण्याचं काम करते. मळ्यावर गेले होते तेव्हा या विषयावर आमचं बोलणं झालं, ते इथे देते आहे. दोन-दोन कुत्री असलेली घरं आता पुष्कळ झालीत आणि त्या घरांतून ही दोन्ही मतं मला सारखी ऐकू येतात.

मामा : पोरीनं कुत्र्यांची लेकरं करून ठेवलीत. कुत्र्यात थोरलं-धाकटं असतं, ते त्यांचं त्यांना ठरवू द्यायचं. एकदा कडाडून भांडतील, एक हरेल, मिटलं. माणूस मध्ये पडतो म्हणून ते धुमसत राहतं.

मी : मळ्यावर मिटतं मामा, कारण हरलेल्या कुत्र्याला निघून जाता येतं. तुमचा वाघ्या कुत्रा हरला की कुठे जातो?

मामा : डाळिंबाच्या बागेत जातो, नाहीतर विहिरीकडं. भाकरीच्या वेळेला येतो परत.

मी : आणि आल्यावर जिंकलेल्या मोत्यापासून चार हात लांब बसतो. तेवढं अंतर त्याला मिळतं. ताईच्या दोन खोल्यांत हरलेल्या कुत्रीनं जायचं कुठे? पलंगाखाली. तिथून बाहेर यायची वाट एकच, आणि त्या वाटेवर दुसरी उभी. शरण गेलेली कुत्री नजरेआड व्हायला पाहते. तिला तसं होताच आलं नाही, तर शरण जाण्याला काही अर्थच उरत नाही.

मामा : जागा कमी आहे हे खरं. पण म्हणून म्होरक्या लागत नाही असं थोडंच आहे? लांडग्यांच्या कळपातसुद्धा म्होरक्या असतो.

मी : ती कल्पना आली कुठून ते सांगते. रुडॉल्फ शेंकेल नावाच्या स्विस शास्त्रज्ञानं बासेलच्या प्राणिसंग्रहालयातले लांडगे पाहून 1947 साली एक प्रबंध लिहिला. ते लांडगे एका कळपाचे नव्हते, कोंडवाड्यात एकत्र ठेवलेले होते, आणि सत्तेसाठी सतत झगडत होते. पुढे डेव्हिड मेक या अमेरिकन संशोधकानं 1970 साली लांडग्यांवर मोठं पुस्तक लिहिलं, त्यात ही म्होरक्याची कल्पना आली आणि जगभर पसरली. मग याच मेकनं कॅनडाच्या उत्तर टोकाला, एल्समिअर बेटावर, रानातले लांडगे वर्षानुवर्षं जवळून पाहिले. 1999 साली त्यानं स्वतःच लिहिलं की रानातला कळप म्हणजे बहुधा आई, बाप आणि त्यांची पिल्लं. तिथे गादीसाठी मारामारी नसते, आईबापांच्या मागे पोरं चालतात. आपलं जुनं पुस्तक छापणं थांबवा म्हणून तो प्रकाशकाच्या मागे लागला होता.

मामा : म्हणजे रानातले लांडगे घरची माणसं होती, आणि कोंडवाड्यातले परके होते.

मी : हो.

मामा : मग मला सांग, पोरीच्या फ्लॅटातल्या दोघी कोण? आई-लेक आहेत का? एक दुकानातून आणलेली, एक रस्त्यावरून. परक्या आहेत आणि कोंडलेल्या आहेत. तुझे ते बासेलचे लांडगेच की त्या!

या प्रश्नानं मी थांबले, कारण प्रश्न बिनतोड होता. कुत्र्यांना शिकवणारी माझ्या पिढीतली माणसं म्होरक्याची कल्पना खोडून काढताना नेहमी रानातल्या कळपाचा दाखला देतात. पण घरातली दोन कुत्री रानातल्या कळपासारखी नसतातच. त्यांनी एकमेकींना निवडलेलं नसतं, त्यांना आपणच एका छपराखाली आणलेलं असतं.

मी : अगदी बरोबर बोललात. पण त्यातून निघतं काय? कोंडवाड्यामुळे भांडणं लागली, तर इलाजही कोंडवाड्याचाच करायला हवा. भांडण रंगू देऊन तो होणार नाही. घरात वाटा वाढवायच्या, दारं वापरायची, वेळा वेगळ्या करायच्या.

मामा : आणि मत्सराचं काय? दारं लावून मत्सर जातो? थोरलीला कुरवाळलं की धाकटी मध्ये घुसते, मी डोळ्यांनी पाहिलंय.

मी : मत्सर असतो, मी नाकारत नाही. कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी 2014 साली 36 कुत्र्यांवर एक प्रयोग केला. मालकानं आपल्या कुत्र्यासमोर एका भुंकणाऱ्या, शेपूट हलवणाऱ्या खेळण्यातल्या कुत्र्याचे लाड करायचे, मग एका प्लॅस्टिकच्या बादलीचे, मग एक पुस्तक मोठ्यानं वाचायचं. खेळण्यातल्या कुत्र्याच्या वेळी चारांतली तीनहून जास्त कुत्री मालकाला ढोसायला, ढकलायला आली. पुस्तकाच्या वेळी जेमतेम पाचातलं एक. दुसऱ्या कुणाला माया मिळतेय याचंच त्यांना लागत होतं.

मामा : हे कळायला प्रयोग कशाला हवा? म्हणून तर म्हणतो, थोरलीला आधी द्यायचं. खाणं आधी, दारातून आधी, माया आधी. धाकटी सून थोरलीच्या आधी पंगतीला बसली की घरात धुसफूस होणारच.

मी : ताई उलटं करते. पंक्तिप्रपंच नको म्हणून दोघींना एकदम जवळ घेते, एक हात एकीवर, एक हात दुसरीवर. बिस्किटंसुद्धा एकाच वेळी, एकसारखी. आणि त्यामुळेच दोघींची तोंडं एकमेकींपासून वीतभर अंतरावर येतात, मध्ये बिस्कीट.

मामा : मग? माझंच खरं झालं.

मी : अर्धं. व्हिएन्नाच्या विद्यापीठात दोन कुत्र्यांना शेजारी बसवून पंजा द्यायला सांगितलं. एकाला खाऊ आणि दुसऱ्याला काहीच नाही असं केल्यावर दुसऱ्यानं थोड्याच वेळात पंजा देणं सोडलं, तो तोंड फिरवायला लागला. पण एकाला सॉसेज आणि दुसऱ्याला नुसता पाव दिला, तेव्हा कुणीच रुसलं नाही. आपल्याला मिळालं की नाही, एवढंच कुत्रं पाहतं. समोरच्याला काय मिळालं याचं माप ते काढत नाही. म्हणजे ताईनं तराजू घेऊन बसायचं कारण नाही, आणि थोरलीचा मान म्हणून धाकटीला ताटकळत ठेवायचंही कारण नाही. दोघींना आपापल्या जागी, आपापल्या वेळी मिळतं आणि ते चुकत नाही, एवढा भरवसा हवा.

मामांना हे पटलं असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं नाही. मग मी त्यांना फोनवर एक चित्रण दाखवलं. बहिणीच्या घरातल्या कॅमेऱ्यात शेवटचं भांडण टिपलं गेलं होतं. बेल वाजते. चिंगी धावत दाराशी जाते. जिनी सावकाश उठते, मागचा भाग उचलताना तिला वेळ लागतो, आणि तीही दाराकडे येते. एका बाजूला चपलांचं कपाट, दुसऱ्या बाजूला भिंत, मध्ये हातभर जागा. जिनी जीभ काढून नाक चाटते, मान वळवते. एवढ्यात मामांनी बोट ठेवलं.

मामा : थांबव. इथं बघ. धाकटीचं तोंड मिटलं. आतापर्यंत धापत होती, ते थांबलं. शेपूट ताठ झालं. अंगाचा भार पुढच्या पायांवर आला. आता ती जाणार.

पुढच्याच क्षणी ती गेली. मी पगार घेऊन हे काम करते, तरी मिटलेलं तोंड मामांच्या आधी मला दिसलं नव्हतं. कुत्र्यांचं भांडण भुंकण्यानं सुरू होतं असं बहुतेकांना वाटतं. खरं तर ते बहुतेकदा थिजण्यानं सुरू होतं, आणि तो थिजलेला क्षण ज्याला दिसतो त्याच्याच हातात काही करायला वेळ उरतो.

मी : मामा, जिनी गुरगुरली का नाही? तुमची मोठी कुत्री आधी गुरगुरून सांगते.

मामा : हेच मला विचित्र वाटलं. आधी गुरगुरायची ती, मी ऐकलंय.

मी : ताई दर वेळी तिला रागवायची, ‘जिनी, वाईट!’ म्हणून. गुरगुरणं म्हणजे ‘लांब हो’ असं सांगणं. ते दाबलं की कुत्र्याचा राग तसाच राहतो, फक्त सूचना बंद होते. आणि जिनी चिडते का, तेही कळलं. डॉक्टरांनी एक्स-रे काढला. खुब्याचे दोन्ही सांधे झिजलेत. चिंगी अंगावर उडी मारून खेळायला आली की तिला कळ येते.

मामा : अरेरे! म्हणजे दुखण्यामुळं चाललंय सगळं.

मी : सगळं नाही, पण सुरुवात तिथून. म्हणून शांत असलेलं कुत्रं एकाएकी चिडकं झालं की आधी डॉक्टर. सांधे, कान, दात, थायरॉइड, डोळे. आणि घरातली माणसांची गोळी द्यायची नाही, आयब्युप्रोफेनसारखी गोळी कुत्र्याचं पोट आणि मूत्रपिंडं खराब करते.

मामा : बरं, तुझं ऐकलं. आता माझ्या थोरली-धाकटीच्या पद्धतीला तुमच्या शास्त्रात काहीच जागा नाही का?

मी : आहे, खोटं कशाला सांगू. अमेरिकेत टफ्ट्स विद्यापीठाच्या प्राणिरुग्णालयात एकाच घरातल्या भांडणाऱ्या 38 जोड्यांचा अभ्यास झाला, तो 2011 साली छापून आला. त्यातल्या 30 जोड्या एकाच लिंगाच्या होत्या, आणि एकूण कुत्र्यांत माद्या जास्त. भांडण काढणारी बहुतेक वेळा वयानं लहान किंवा घरात नवी आलेली. ठिणगी कशाची? मालकाचं लक्ष आणि खाणं, ही दोन कारणं सगळ्यांत वर.

मामा : चिंगीचंच वर्णन झालं हे.

मी : त्यांनी काही घरांना तुमचीच पद्धत दिली, एकीला ठरवून आधी मान द्यायचा. मालकांच्या सांगण्यावरून त्यातल्या 67 टक्के जोड्या सुधारल्या. दुसरी पद्धत होती की फुकट काही नाही. जेवण, दार उघडणं, माया, जे हवं त्याच्या आधी शांत बसायचं. त्यात 89 टक्के सुधारल्या.

मामा : म्हणजे माझंही तीनात दोन खरं.

मी : हो. पण मला वाटतं दोन्हींत काम करणारी गोष्ट एकच आहे. घराला रीत आली. आता आपली पाळी कधी ते कुत्रीला आधी कळतं, झोंबाझोंबी करून ठरवावं लागत नाही. तुम्ही भाकरी टाकता ना, तेव्हा तुमची कुत्री आपापल्या जागी बसून राहतात. तिथे कुणी म्होरक्या लागत नाही, तुमच्या हाताची शिस्त पुरते.

मामा यावर काही बोलले नाहीत, उठून चहा टाकायला सांगितला. पुढचं बोलणं मात्र वादाचं नव्हतंच. भांडण लागलं तर सोडवायचं कसं, यावर आम्ही दोघं पूर्ण एकमतानं बोललो.

मामा : हात घालायचा नाही. गळपट्टा धरायला जायचं नाही. शहाणी माणसं तिथंच चावून घेतात, आणि स्वतःच्याच कुत्र्याकडून. त्या वेळी कुत्र्याला माणूस दिसत नाही.

मी : ओरडायचंही नाही, ओरडण्यानं दोघी आणखी चेवतात.

मामा : बादलीभर पाणी तोंडावर. नाहीतर गोधडी टाकायची दोघांवर. फळी, सूप, खुर्ची, जे हाताशी असेल ते मध्ये सारायचं. दोन माणसं असतील तर दोघांनी एकाच वेळी मागचे पाय धरून मागं ओढायचं आणि ओढतच दुसऱ्या खोलीत न्यायचं. पाय लगेच सोडला तर तोच तुझ्याकडं वळेल.

मी : मात्र दात रुतवून धरलं असेल तर नुसतं ओढायचं नाही, मांस फाटतं. आणि माणसाला दात लागलाच तर साबण आणि वाहत्या पाण्यानं जखम पंधरा मिनिटं धुवायची, मग लगेच डॉक्टरकडे. कुत्रं घरचं आहे, लस दिलेली आहे, म्हणून अंगावर काढायचं नाही.

मामा : आता मुद्द्याचं सांग. पोरीनं उद्या सकाळपासून करायचं काय?

मी : आधी पूर्ण वेगळं ठेवायचं. एक हॉलमध्ये, एक आतल्या खोलीत, मध्ये बंद दार, आणि दिवसातून पाळी बदलायची. भांडणानंतर शरीरातला ताण निवळायला वेळ लागतो, तासाभरात ‘आता सॉरी म्हणा’ असं करून समोरासमोर आणायचं नाही. मग दाराला बाळांसाठी लावतात तसं जाळीचं फाटक. दोघी एकमेकींना लांबून पाहतील. जी पाहून नजर वळवेल तिला तिथल्या तिथे खाऊ. फाटकापाशी यायची सक्ती नाही.

मामा : आणि फिरायला?

मी : एकत्र, पण दोन माणसं आणि दोन पट्टे. रस्त्याच्या दोन कडांनी एकाच दिशेनं. अंतर हळूहळू कमी करायचं. एका दिशेनं चालताना कुत्री एकमेकींच्या डोळ्यांत पाहत नाहीत, वास घेत घेत जातात, म्हणून ते सोपं पडतं. त्याच काळात दोघींना जाळीची मुस्की घालायची सवय लावायची, आत खाऊ ठेवून, गोडीगुलाबीनं.

मामा : मुस्की बैलाला घालतात. कुत्र्याला घातली की लोक म्हणतील कुत्रं वाईट आहे.

मी : लोक म्हणू देत. मुस्की असली की ताईचा हात थरथरत नाही, आणि पट्ट्यातून हाताची थरथर कुत्रीला कळते. जाळीच्या मुस्कीतून धापता येतं, पाणी पिता येतं. कापडी पट्टीची नको. उन्हाळ्यात तोंड आवळलं तर जीव गुदमरेल.

मामा : जेवण?

मी : कायमचं दाराआड. संपलं की भांडी उचलून ठेवायची, रिकाम्या भांड्यावरूनही भांडणं होतात. हाड, चघळायच्या वस्तू एकत्र असताना कधीच नाहीत. बेलचं वेगळं शिकवायचं. बेल वाजली की जिनीनं खिडकीजवळच्या सतरंजीवर जायचं, चिंगीनं आतल्या. आधी घरच्याच माणसानं बेल वाजवून सराव करायचा. ताईनं घरी आल्यावर दारात कुणालाच जवळ घ्यायचं नाही. पाणी प्यायचं, बसायचं, मग एकेकीला वेगळं बोलवायचं. आणि दिवाळीत, पाहुण्यांच्या गर्दीत, लिफ्टमध्ये दोघी एकत्र नकोत.

मामा : एवढं करून नाही जमलं तर?

हा प्रश्न सगळ्यांत अवघड आहे, आणि माझ्याकडे येणाऱ्या घरांत तो शेवटपर्यंत कुणी तोंडातून काढत नाही. मामांनी सरळ विचारला म्हणून मला बरं वाटलं.

मी : दोन माद्यांचं भांडण रक्तापर्यंत गेलं असेल तर कधी कधी नाही जमत. मग दोन वाटा. जन्मभर दार मध्ये ठेवून राहायचं. दोघींना माया आहे, फिरणं आहे, फक्त एकत्र नाही. अशी घरं मी पाहिलीत, ती सुखी आहेत. पण घरात लहान मूल असेल, म्हातारी माणसं असतील, दार उघडं राहण्याची भीती असेल, तर एकीला दुसरं घर बघायचं.

मामा : चिंगीला इकडं आण की. मळ्यावर जागाच जागा आहे.

मी : इथे तुमच्या दोन कुत्र्या आधीच आहेत मामा. दोन वर्षांची, भांडायला शिकलेली चिंगी त्यांच्यात सोडली तर?

मामा : (जरा वेळानं) नाही. माझी म्हातारी कुत्री तिला ठेवणार नाही. दोन वर्षांमागं दोघी माझ्या देखत लागल्या होत्या, एक गेली त्यात. बागेत पळायला जागा होती तरी गेली.

हे मामांनी याआधी कधी सांगितलं नव्हतं. भांडू द्या, मिटेल, या मताच्या माणसानं ते सांगितलं.

मी : म्हणून चिंगीला असं घर हवं जिथे ती एकटी कुत्री असेल. त्यात ताईचा पराभव नाही आणि चिंगीचा दोषही नाही. माणसांवर जीव लावणारी कुत्री आहे ती, फक्त दुसरी मादी तिला सोसत नाही.

मामा : पोरगी रडेल.

मी : रडू दे. जिनीचा दुसरा कान फाटल्यावर रडण्यापेक्षा बरं.

सध्या बहिणीच्या घरी जाळीचं फाटक बसलं आहे. जिनीला सांध्यांचं औषध चालू आहे आणि ती पुन्हा गुरगुरायला लागली आहे, याचा मला आणि डॉक्टरांना आनंद आहे. चिंगीसाठी दुसरं घर शोधायचं की नाही, ते अजून ठरलेलं नाही.

आता वाचकांना एक विनंती. आपलं कुत्रं दिवसभर एकटं असतं, त्याला सोबत म्हणून दुसरं आणावं, असं तुमच्या मनात असेल तर आणण्याआधी घरात फिरून दोन गोष्टी पाहा. दार लावून दोघांना वेगळं ठेवता येईल अशा दोन खोल्या आहेत का? आणि रोज सकाळ-संध्याकाळ दोघांना वेगवेगळं फिरवायला दोन माणसं आहेत का? या दोन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तर दुसरं आणा, शक्यतो पहिली मादी असेल तर नर आणि पहिला नर असेल तर मादी, दोघांची नसबंदी करून. पहिलं कुत्रं म्हातारं किंवा दुखणेकरी असेल तर मात्र त्याच्यासाठी सोबत आणू नका. त्याला सोबत तुमचीच हवी असते.